बर्फावरील घसरगाडी आणि विम्याचा कागद

चेन्नई शहराच्या नुंगंबाक्कम भागात कॉलेज रोडवर हवामानखात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली उभारलेली मद्रासची वेधशाळा याच आवारात होती, आणि तिचा ग्रॅनाइटचा खांब तेथे अद्याप जपून ठेवलेला आहे. या नुंगंबाक्कमात ३१ मे २००३ रोजी पारा ४५ अंश सेल्सियसवर जाऊन टेकला होता. थंडीचे म्हणाल, तर शहराचा आजवरचा नीचांक १३.९ अंश, आणि तोही १८९५ व १९०५ सालांतला! नाशिक-पुण्याच्या वाचकांना या आकड्याचे हसू येईल. तथापि ज्या मुलांनी जन्मात कधी लोकरीची टोपी घातलेली नाही, त्यांच्या मनात बर्फाविषयी केवढे कुतूहल साठत असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

माझी धाकटी बहीण याच भागात राहते. तिचे सासर तंजावरकडील मराठी घराणे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ प्रदेशात राहूनही घरात मराठीच बोलण्याचा त्यांचा रिवाज आहे. मात्र ते मराठी असे की आपणांस क्षणभर थांबून ऐकावे लागते. गेल्या हिवाळ्यात नाताळच्या सुटीत या मंडळींनी मनालीस जाण्याचे ठरविले. मुलांच्या ओठी एकच शब्द होता : स्लेज. स्लेज म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जाणारी बिनचाकांची गाडी. सोलंगच्या उतारावर, शिमल्याजवळच्या कुफरीस, उत्तराखंडातील औलीस आणि काश्मीरमध्ये गुलमर्गला ही मौज पर्यटकांना मिळते. गुलमर्गला तर लाकडी फळ्यांची साधी गाडी आणि ती दोरीने चढावर ओढून नेणारा स्थानिक माणूस, एवढाच या खेळाचा सरंजाम असतो.

बहिणीने दूरध्वनीवर बेत सांगितला, आणि मी घरखर्चाविषयी लिहिणारा माणूस म्हणून माझ्या सवयीप्रमाणे विम्याविषयी विचारले. ती म्हणाली, "दादा, तू काळजी करू नकोस. एक सोडून तीन विमे आहेत. रेल्वेच्या तिकिटाबरोबर काढलेला आहे, सहल नेणाऱ्यांचा आहे, आणि यांचा आरोग्यविमा तर दहा वर्षांचा आहे."

"घसरगाडी उलटून एखाद्याचा पाय मोडला, तर या तिघांपैकी पैसे कोण देईल?" मी विचारले.

पलीकडे काही वेळ शांतता होती. मग मेहुण्यांनी दूरध्वनी हाती घेतला.

वाचकहो, हाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडीत आहे. विमा आहे की नाही, असे आपण विचारतो. तो कशाचा आहे, हे विचारावयाचे राहून जाते.

मेहुण्यांना हा प्रश्न लागला, त्याला कारण होते. त्यांच्या कचेरीतील एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब स्वित्झर्लंडला गेले होते. त्या देशात घसरगाडी हा घरोघरचा खेळ आहे. दाव्होस येथे १८८३ साली घसरगाड्यांची पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. आल्बुला खिंडीचा रस्ता हिवाळ्यात वाहनांना बंद झाला म्हणजे प्रेडा ते बेर्ग्यून हा सुमारे सहा किलोमीटरांचा भाग घसरगाड्यांसाठी मोकळा ठेवतात, आणि खाली आलेल्यांना रेल्वे पुन्हा वर नेऊन सोडते. ग्रिंडेलवाल्ड येथे तर फाउलहॉर्न शिखराकडून खाली येणारी वाट पंधरा किलोमीटरांची आहे. अशाच एका उतारावर, एका वळणाशी, या गृहस्थांच्या पत्नीची गाडी कडेच्या बर्फावर आदळली. मनगट मोडले आणि कमरेच्या मणक्याला चीर गेली. घसरगाडीत माणूस बैठ्या स्थितीत आपटतो, म्हणून धक्का सरळ पाठीच्या कण्याला बसतो, असे नंतर डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले. त्यांना हेलिकॉप्टरने इस्पितळात न्यावे लागले. आल्प्स पर्वतात अशी सुटका फार तत्परतेने होते. रेगा नावाची स्विस संस्था १९५२ पासून हे काम करीत आहे. पण ही सेवा फुकट नसते. तिचे देयक जखमी माणसाच्या नावे निघते.

या कुटुंबाजवळ प्रवासविमा होता. नव्हे, त्याखेरीज त्यांना व्हिसाच मिळाला नसता. शेंगेन गटातील देशांत जाणाऱ्या प्रवाशाने निदान तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण घेतलेच पाहिजे, असा नियम आहे. ही अट पुरी करणारे सर्वांत स्वस्त विमापत्र त्यांनी घेतले होते. दावा केल्यावर कंपनीचे उत्तर आले : विमापत्रात 'हिवाळी खेळ' वगळलेले आहेत, सबब रक्कम देता येत नाही. इस्पितळ आणि हेलिकॉप्टर, दोहोंचा खर्च त्या गृहस्थांनी मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी साठविलेल्या पैशांतून भरला. मुलाला एक वर्ष थांबावे लागले.

कंपनीने फसविले, असे मी म्हणणार नाही. ते कलम विमापत्रात होते. आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, पण होते. बर्फाच्या दिवसांत बर्फाच्या देशी निघालेल्या कुटुंबाला "तुम्ही तेथे काय करणार आहात?" एवढे विचारणे विमा विकणाऱ्याला मात्र जड नव्हते. आणि व्हिसाचा अधिकारीही ते विचारीत नाही. आपल्या देशाच्या इस्पितळांचे पैसे बुडू नयेत, एवढीच त्याची चिंता. व्हिसाला पुरेसा असलेला विमा सहलीला पुरेसा असतोच असे नाही.

आता आपल्या देशातल्या सहलीकडे वळू. येथे चित्र बरेच निराळे आहे, आणि सुदैवाने थोडे अधिक दिलासा देणारे आहे. बहिणीने मोजलेले तिन्ही विमे एकेक करून पाहू.

रेल्वेच्या तिकिटाबरोबरचा विमा हा विमाव्यवसायातील फार जुन्या कल्पनेचा नवा अवतार आहे. १८४९ साली लंडनमध्ये रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युअरन्स नावाची कंपनी आगगाडीच्या प्रवाशांना तिकिटासोबत अपघातविमा विकू लागली. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला तीन पेन्समध्ये एक हजार पौंडांचा, तर तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला एका पेनीत दोनशे पौंडांचा! जिवाची किंमत डब्याच्या वर्गावरून ठरत असे. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१६ पासून ऑनलाइन तिकिटाबरोबर मिळणाऱ्या विम्यात हा भेद नाही, ही समाधानाची गोष्ट. सर्व वर्गांना सारखेच संरक्षण : मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये, आणि इस्पितळाच्या खर्चापोटी दोन लाखांपर्यंत. हप्ता पन्नास पैशांच्याही आत असतो. परंतु हा विमा आगगाडीच्या अपघाताचा. आपण फलाटावरून बाहेर पडलात की त्याचे काम संपले. सोलंगच्या उताराशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत खूण करणारे पुष्कळ, पण नंतर येणाऱ्या दुव्यावर जाऊन वारसाचे नाव भरणारे थोडेच. माझ्या बहिणीनेही ते भरलेले नव्हते.

सहल नेणाऱ्यांचा विमा म्हणजे बहुधा सामूहिक विमापत्र असते. ते वाईट असते असे नाही; पण ते आपण पाहिलेले नसते. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, त्यात आपल्या कुटुंबातील प्रत्येकाचे नाव व वय बरोबर आहे का ते पाहावे, आणि रक्कम कशाकशासाठी मिळते ते वाचावे. पुष्कळदा त्यात हरवलेले सामान आणि चुकलेले विमान यांचाच विस्तार अधिक असतो. बहिणीने ते मागविले, तेव्हा सासूबाईंचे नावच त्यात नव्हते. वयाची मर्यादा ओलांडल्यामुळे त्यांना वगळले होते, आणि हे कोणी कळविलेले नव्हते.

राहिला आरोग्यविमा. पुष्कळ लोक समजतात की बर्फावरचा खेळ म्हणजे साहसाचा खेळ, आणि साहसाच्या खेळाला आरोग्यविमा लागू नाही. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या समजुती फार नुकसान करतात. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातील वगळावयाच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यात धोक्याच्या व साहसी खेळांचे जे कलम आहे, त्यात गिर्यारोहण, नदीतील तराफ्यांचा प्रवास, मोटारींच्या व घोड्यांच्या शर्यती, खोल पाण्यातील बुडी असे खेळ उदाहरणादाखल सांगितलेले आहेत. पण त्यातले महत्त्वाचे शब्द वेगळेच आहेत. 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे' झालेल्या दुखापतीचा खर्च वगळला आहे, असे ते कलम म्हणते.

या शब्दांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचे शिव केशवन हे ल्यूज या घसरगाडीच्या खेळातील आपले नामांकित खेळाडू. १९९८ च्या नागानो येथील स्पर्धेपासून २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. बर्फाच्या नळीतून मोटारीच्या वेगाने घसरत जाणाऱ्या अशा खेळाडूची गोष्ट निराळी. सुटीत एकदा गंमत म्हणून घसरगाडीत बसणाऱ्या शाळकरी मुलाची निराळी. ते कलम पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. शिवाय नव्या आरोग्यविम्यात पहिल्या तीस दिवसांत आजारांचा खर्च मिळत नाही. पण अपघाताला ती अट लागू नसते.

मग चिंता कोठे उरली? ती उरते इस्पितळाच्या दारात. सर्वसाधारण आरोग्यविमा चोवीस तास इस्पितळात राहिल्यावर, अथवा ठराविक अल्पकालीन शस्त्रक्रियांसाठी, पैसे देतो. मनगट मोडले, क्ष-किरणचित्र काढले, प्लॅस्टर घातले आणि माणूस संध्याकाळी मुक्कामी परतला, तर बाह्यरुग्ण विभागातला तो खर्च बहुधा आपल्याच खिशातून जातो. आणि दुखापत मोठी असली, तर अंतर आडवे येते. मनालीत इस्पितळ आहे. परंतु कण्याची अथवा डोक्याची गंभीर दुखापत झाल्यास चंदीगडपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर डोंगरी रस्त्याने रुग्णाला न्यावे लागू शकते. आरोग्यविम्यात रुग्णवाहिकेसाठी ठेवलेली रक्कम किती आहे, हे आपल्या विमापत्रात उघडून पाहा. पुष्कळांत ती शहरातल्या शहरात फिरण्यापुरती असते. देशांतर्गत प्रवासविम्याचा खरा उपयोग येथे आहे : रुग्णाला हलविण्याचा खर्च, अडकून पडल्यास मुक्कामाचा खर्च, आणि सोबतच्या माणसाला परत आणण्याचा खर्च.

प्रवासविम्यालाच मात्र वर सांगितलेली एकसारखी भाषा लागू नाही. येथे प्रत्येक कंपनीचा शब्द वेगळा, आणि घसरगाडी मोठी अवघड वस्तू ठरते. ती वाहन की खेळ? काही परदेशी कंपन्यांच्या याद्यांत कुत्र्यांनी ओढलेल्या गाडीत प्रवासी म्हणून बसणे साध्या सहलीत मोडते, आणि उतारावरून स्वतः घसरणे हिवाळी खेळात मोडते व त्यास जादा हप्ता पडतो. त्या न्यायाने गुलमर्गला दोरीने ओढली जाताना आपण प्रवासी, आणि तोच माणूस आपल्यामागे बसून गाडी उतारावर सोडतो तेव्हा आपण खेळाडू! यावर दावा नाकारल्यानंतर वाद घालण्यापेक्षा आधी चार ओळींचे पत्र लिहावे. ते कसे असावे, याचा नमुना बहिणीसाठी लिहिला होता तोच देतो :

"आम्ही पुढील पाच व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मनाली परिसरात पर्यटक म्हणून जात आहोत. तेथे परवानाधारक चालकाच्या देखरेखीखाली बर्फावरील घसरगाडीत बसण्याचा आमचा विचार आहे. या कृतीमुळे झालेली दुखापत सदर विमापत्रात समाविष्ट आहे काय? नसल्यास, जादा हप्ता भरून ती समाविष्ट करता येईल काय? कृपया लेखी कळवावे."

दूरध्वनीवर मिळालेल्या आश्वासनाला पुराव्याचे मोल नाही. लेखी उत्तर मागण्यात संकोच मुळीच नको. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्यविम्याच्या कंपन्यांनी विमेदाराला सोप्या भाषेतले माहितीपत्रक दिले पाहिजे, आणि त्याने इच्छा दर्शविल्यास ते स्थानिक भाषेत दिले पाहिजे, असा दंडक आहे. काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्यात थोडक्यात असते. महाराष्ट्रातील वाचकांनी ते मराठीत अवश्य मागावे. चेन्नईत ते तमिळमध्ये मिळेल, ही गोष्ट वेगळी. पण माझ्या बहिणीच्या घरी त्याचीही अडचण नाही.

ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्यांनी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक-खातेदाराला वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. मोडलेल्या पायाचा इस्पितळ-खर्च मात्र ती देत नाही. त्यासाठी ती आखलेलीच नाही.

दोन-तीन गोष्टी अशा आहेत की ज्यांमुळे चांगला विमाही निकामी होतो. थंडीवर उतारा म्हणून मद्य घेऊन उतारावर जाणारे लोक दर हिवाळ्यात दिसतात. नशेत झालेल्या दुखापतीचा दावा कंपन्या नाकारतात, आणि इस्पितळाच्या पहिल्या कागदावर तशी नोंद झाली की ती पुसता येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा मधुमेह वा रक्तदाब लपवून विमा काढणे हाही असाच घातक प्रकार. आणि चालकाने पावती दिली नाही म्हणून ती सोडून देऊ नये. आपण पर्यटक होतो आणि परवानाधारकाकडे गेलो होतो, याचा तोच पुरावा. अपघात झालाच, तर विमापत्रावरच्या क्रमांकावर चोवीस तासांच्या आत कळवावे, आणि घरी परतेपर्यंत एकही कागद, एकही चित्रफीत टाकू नये.

दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. चेन्नईत अण्णा सालईवर, तसेच मुंबईस व पुण्यासही हे कार्यालय आहे. वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. मेहुण्यांच्या कचेरीतील त्या गृहस्थांना हे कोणी सांगितले तोपर्यंत वर्ष उलटून गेले होते.

गंमत अशी की माझी बहीण राहते तो भाग विम्याच्या कचेऱ्यांनी भरलेला आहे. १९७२ च्या कायद्यान्वये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १ जानेवारी १९७३ पासून शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. त्यांपैकी दक्षिणेकडे स्थिरावलेल्या युनायटेड इंडियाचे मुख्यालय आज नुंगंबाक्कमातच आहे, आणि स्टार हेल्थ या खाजगी कंपनीचेही. रोज भाजी आणावयास जाताना ज्या पाट्या दिसतात, त्यांच्या आत काय लिहिले जाते, हे पाहण्याची वेळ घसरगाडीमुळे आली.

बहिणीने ते पत्र पाठविले. तीन दिवसांनी उत्तर आले : परवानाधारक चालकाकडील घसरगाडी चालेल, बर्फावरील स्कीचा खेळ चालणार नाही, आणि सासूबाईंसाठी वेगळे विमापत्र अधिक हप्त्याने मिळेल. "मला कशाला? मी काही गाडीत बसणार नाही," असे सासूबाई म्हणाल्या, तरी मेहुण्यांनी त्यांचे विमापत्र काढलेच. उत्तराची छापील प्रत तिकिटांच्या पाकिटात गेली, आणि रेल्वेच्या विम्यात वारसाचे नावही भरले गेले.

त्या आठवड्यात सोलंगला पुरेसा बर्फ पडला नव्हता. तेव्हा मंडळी २०२० साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधील सिस्सूस गेली. मुलांनी दिवसभर घसरगाडी सोडली नाही. दुपारनंतर सासूबाईही तीत बसल्या, आणि खाली आल्यावर त्यांनी गाडीवाल्याला पुन्हा वर न्यावयास सांगितले.